मे महिना कोणी ठरवला?

प्रिय सई आणि निहार,

मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, भारतात आलो की तुला घेऊन जोधपूरला जायचंय. तू शाळेच्या सहली नेत होतीस ना? मग कुठल्या महिन्यात जावं?" मी "डिसेंबर" म्हणाले आणि आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. मला राग आला होता. तो तुमच्यावर नव्हता, पण तो कोणावर हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. या अंकाचे संपादक नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून मागे लागलेच होते, तेव्हा एका कागदात दोन्ही कामं उरकते.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजीतून झालं, त्यामुळे मलाही अवघड नव्हतं. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं इंग्रजीत बोलत नव्हती. आईकडून वाचून घ्या.

मी परभणीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. १९७० नंतरची ती वर्षं. भूगोलाच्या बाईंकडे सहल हे ठरलेलं होतं, जसं गाण्याच्या बाईंकडे गॅदरिंग. सहल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, पोरी गाडीत बसल्या आणि गेल्या. खरं काम आधी चार महिने चालतं. रेल्वेकडून सवलत आणि राखीव डबा मिळवायचा, उतरायला धर्मशाळा बघायची, स्टोव्ह, पातेली, शिधा आणि स्वयंपाकीण गोळा करायची, आणि घरोघर जाऊन पालकांची समजूत घालायची. या सगळ्याच्या आधी महिना ठरवायचा.

आपल्याकडे तेव्हा लहान रुळांची रेल्वे होती. शेजारच्या पूर्णा जंक्शनवरून हेच लहान रूळ अकोला, खांडवा, रतलाम करत थेट अजमेरला जायचे आणि पुढे जोधपूरलाही. म्हणजे डबा न बदलता परभणीच्या मुली मारवाडात पोचू शकत होत्या. मुंबई आम्हाला जितकी परकी होती तितकं जोधपूर नव्हतं. नकाशावर ही रेष मी बोटानं दाखवली तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीही उठून नकाशापाशी आल्या होत्या, ते मला अजून आठवतं.

आता महिन्याचं. वाळू लवकर तापते आणि लवकर निवते. मे-जूनमध्ये तिथे दिवसा माणूस बाहेर उभा राहू शकत नाही, आणि आंधी आली तर समोरचा माणूस दिसत नाही. पावसाळ्यात पाऊस थोडा आणि घाम फार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस सोनेरी आणि रात्री रजई लागणाऱ्या. तुमच्या फोनच्या पडद्यावरही हेच लिहिलेलं असेल. ते बरोबर आहे.

फक्त आमच्या मुलींचा एकही महिना त्यांचा स्वतःचा नव्हता. दिवाळी भावाची. नोव्हेंबर ते जानेवारी कापसाच्या वेचणीचे. फेब्रुवारीत ज्वारी काढायची. मार्चात परीक्षा. एप्रिल-मेमध्ये लग्नं, कधी बहिणीचं, कधी तिचंच. जून आला की पेरणी. भूगोल एक महिना सांगायचा, आणि त्या महिन्यावर आधीच कोणीतरी बसलेलं असायचं.

पालकांची समजूत घालताना काय काय ऐकलं! बोरीच्या एका आईनं डिसेंबरच्या सहलीला नाही म्हटलं, कारण पोरगी काळी पडेल आणि वैशाखात बघायला येणार आहेत. मी म्हटलं, डिसेंबरातलं ऊन वैशाखापर्यंत टिकत नाही. ती म्हणाली, "तुमाला काय बाई, तुमचं झालंय." चारठाण्याहून आलेल्या एका वडिलांनी तर वेगळंच विचारलं.

"बाई, वाळवंट म्हंजे जिथं काई उगवत न्हाई ते ना?"

"हो."

"मंग आमच्या माळावर या की. बहात्तरच्या दुष्काळात समदा जिल्हा तुमच्या पुस्तकातल्यावानी झालता. तवा कुणी सहल काढून बघायला आलं न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत. दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांचे हात फुटले होते, ते मला नंतर दिसलं. तरी जाताना म्हणाले, "येऊ द्या तिला. दुसऱ्याचे हाल बी बघावं मानसानं."

अशा रीतीनं एका वर्षी डिसेंबरची सहल जुळली. डबा मंजूर झाला. मुलींमध्ये पंचशीला होती.

पंचशीला ताडकळसची. मॅट्रिकच्या वर्गात होती आणि मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. समोर काही न ठेवता फळ्यावर देशाचा नकाशा एका रेषेत काढायची आणि कच्छपाशी आली की जीभ दातात धरायची. तिची आई मथुराबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. १९५६ नंतर त्या घरानं बौद्ध धर्म स्वीकारला होता. कायद्यानं शिवाशिव केव्हाच मोडीत काढली होती. विहिरींना मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. गावात त्यांचं पाणी वेगळं होतं, आणि हे सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नसे. तुम्ही ज्या देशात वाढलात तिथे याला जवळचा शब्द शोधू नका. होतं ते असं होतं.

मथुराबाई एका दुपारी एसटीनं शाळेत आली. डोक्यावरचा पदर नीट करून दारातच उभी राहिली. मी आत बोलावलं, तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली.

"बाई, पोरगी म्हनायलीय, जोधपूरला जायलोत. खरं हाय का?"

"खरं आहे. तुमची परवानगी हवी."

"कापूस हाय डिसेंबरात. असू द्या. तिच्या वाटची वेचणी मी करीन. पर एक सांगा. पाण्याचं कसं करायलाव?"

हा प्रश्न मला कोणी विचारेल याची मी वाट बघत होते, आणि म्हणूनच डिसेंबर धरला होता. थंडीत माणसाला पाणी कमी लागतं. प्रत्येक मुलीनं आपापला फिरकीचा तांब्या आणायचा. झाकणाला आटे असलेला हा प्रवासाचा तांब्या बहुतेक घरांत असायचा. स्टेशनच्या नळावर तो भरला की दिवस निघतो. डब्यात सामाईक माठ ठेवायची गरजच नाही. माठ नाही म्हणजे माठाला हात कोणी लावायचा हा प्रश्न नाही.

ते ऐकून मथुराबाई म्हणाली, "बेस हाय. ज्याचं त्याला. भांडान न्हाई."

उठताना तिनं विचारलं, "समुद्र लागतो का वाटंत?"

"नाही हो. वाळवंट आहे."

"मंग बुडायची बी फिकीर न्हाई," म्हणून हसली आणि बाजाराची पिशवी उचलून गेली.

संस्थेचे सेक्रेटरी मोठे जमीनदार आणि वकील होते. वाईट माणूस म्हणून त्यांची ख्याती नव्हती. शाळेला पंखे त्यांनीच दिले होते. सहलीच्या मंजुरीसाठी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी चहा सांगितला, मुलींची नावं विचारली, आणि पंचशीलाच्या नावाशी कपात साखर ढवळत थांबले.

"बाई, डिसेंबरात कापूस असतो. पालक पोरी सोडतेत का?"

"सगळ्यांनी परवानगी दिली आहे."

"मॅट्रिकच्या पोरींचा अभ्यास?"

"आठवड्याभराचा प्रश्न आहे. पुस्तकं बरोबर घेतील."

"तसं नका करू. मे मध्ये काढा. परीक्षा झालेली असते."

"साहेब, मे मध्ये जोधपूर?"

"मग? परभणीत काय बर्फ पडतो का? आपल्या पोरींना उन्हाची सवय हाय."

मी त्यांना दोन्हीकडच्या उन्हातला फरक समजावू लागले. त्यांनी हात वर केला.

"जिद्द करू नका. मसला नाजूक हाय. मे मध्ये एवढ्याशा तांब्यावर भागायचं न्हाई, डब्यात माठ ठेवावा लागंल. माठ मी देतो, माठावर आमच्या आत्याबाई बसतील. मंग ज्याला अडचण वाटंल ते आपणहून घरी राहील. कुणाला न्हाई म्हणायची पाळी तुमच्यावर बी न्हाई, माझ्यावर बी न्हाई."

माझा चहा तसाच राहिला. त्या माणसानं 'तिला नेऊ नका' असा शब्द काढला नव्हता. त्यानं फक्त महिना बदलला होता. मी जो डिसेंबर एका मुलीला सामावून घ्यायला निवडला, तोच पुसून त्यानं तिला वगळायला मे निवडला. आम्हा दोघांना ऋतूंचं सारखंच ज्ञान होतं. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला, आणि आज हे लिहितानाही येतो आहे.

सहल रद्द करावी असं मनात आलं. पण मे नंतर पंचशीला शाळेत नसणार होती. मी ताडकळसला जाऊन मथुराबाईला सांगितलं. ती अंगण शेणानं सारवत होती. हात तसाच ठेवून वर बघत म्हणाली,

"मे मध्ये?"

"हो."

"मे मध्ये पाणी लय लागतंय."

"माठ असणार आहे डब्यात. त्यावर त्यांच्या आत्याबाई."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं उरलेला कोपरा सारवून घेतला. मग म्हणाली, "त्यांचा माठ त्यांना लखलाभ. पोरगी येईल. तिचं पाणी तिच्यासंगं येईल."

मी म्हटलं, "मथुराबाई, मी आहे तिथे. तिला कोणी काही बोललं तर—"

"तुमी भांडू नका बाई. तुमी भांडलाव की पोरीचं समदं ध्यान भांडनात जाईल. तिला किल्ला बघू द्या."

मे महिन्यात आमचा डबा निघाला. मुलींच्या आधी माठ चढला. लाकडी तिवईवर लालभडक माठ, वर पितळी झाकण, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं आणि ओगराळ्याशेजारी आत्याबाई. पोरींनी ओंजळ धरायची आणि आत्याबाईंनी वरून पाणी सोडायचं, अशी व्यवस्था होती. पंचशीला शेवटच्या खिडकीशी बसली आणि बाहेरच्या बाजूनं गजाला तिनं एक छागल टांगली. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. तेव्हा ट्रक आणि जीपच्या पुढे लटकलेली दिसायची. तिचा मामा ट्रकवर होता, त्याची ती.

आत्याबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "हे काय गं बाई, शेळी टांगल्यावानी?" मुली हसल्या. पंचशीलाही हसली. माठाकडे ती एकदाही गेली नाही. मोठ्या स्टेशनवर उतरून छागल भरायची आणि परत टांगायची. मीही भांडले नाही. मला तशी ताकीद होती.

अजमेरपर्यंत उन्हानं सगळ्यांना गप्प केलं. खिडकीतून येणारा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा होता.

राखीव डब्याचं एक असतं. तो एकाच गाडीला जोडलेला राहत नाही. जंक्शनवर सोडतात, बाजूच्या रुळावर उभा करतात आणि पुढची गाडी आली की तिला जोडतात. जोडताना इंजिन मागे रेटत येतं आणि धक्का बसतो. सहली नेलेल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असतं. त्या वेळी पोरींना खाली बसवायचं आणि पातेली धरायची. आमची पातेली तांब्या-पितळेची होती, माठ मातीचा. तिवईवर, आणि काठोकाठ भरलेला. सेक्रेटरींनी आयुष्यात मुलींच्या सहलीबरोबर प्रवास केला नव्हता, आणि मी तोंड उघडलं असतं तरी ऐकलं कोणी असतं?

मारवाड जंक्शनवर भर दुपारी धक्का बसला. आत्याबाई झाकण धरायला गेल्या. झाकण हातात राहिलं, आणि माठ पोटातून उभा चिरला. पाणी मुलींच्या पायांखालून दाराकडे वाहत गेलं. दोघी-तिघींनी त्यात रुमाल भिजवून घेतले. खाली उतरून काही बघावं तोवर गाडी सुटली, आणि माठाच्या भरवशावर कोणी तांबे भरून घेतले नव्हते.

नंतरची स्टेशनं लहान. एकाचा नळ कोरडा, दुसऱ्याचा इतका तापलेला की तांब्यात घेतलेलं पाणी तोंडाला लाववेना. स्वयंपाकीण म्हणाली, "चहाची पावडर टाका, चहा होईल." कोणी हसलं नाही. सगळ्यात लहान मुलगी आडवी झाली, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

पंचशीला उठली. गजातून हात घालून तिनं छागल आत घेतली. कॅनव्हास बाहेरून ओलाचिंब होता. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं. मग तिनं त्या मुलीच्या ओठांशी छागलीचं तोंड नेलं.

"गार आहे!" ती मुलगी ओरडलीच. "बाई, विहिरीच्या पाण्यासारखं गार आहे!"

मग रांग लागली. एकीनं विचारलं, एवढ्या उन्हात हे गार कसं? पंचशीला म्हणाली, "बाईंनी शिकवलंय की. पाणी कापडातून झिरपतं, वाऱ्यानं उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असली की जास्त. परीक्षेला आलं होतं." तिनं हे फार गंभीरपणे सांगितलं, तांब्यातांब्यात पाणी ओतत.

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. पंचशीला त्यांच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, पाणी."

त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"तुमच्या तांब्यात वरून ओतते. हात न्हाई लागत."

त्यांनी मान वळवली, छागलीकडे बघितलं. "ते कातडं न्हाई ना?"

"न्हाई. कापड हाय."

"कापड हाय व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "कापडाला दोष न्हाई. आन् प्रवासात बी दोष नसतो." त्यांनी तांब्या पुढे केला. एकदा भरून प्यायल्या, मग तो पुन्हा पुढे केला. दुसऱ्यांदा त्यांनी काही स्पष्टीकरण दिलं नाही.

जोधपूर आम्ही उजाडताना पाहिलं आणि मावळताना पाहिलं. मधला दिवस धर्मशाळेच्या अंधाऱ्या खोलीत ओल्या चादरी लावून काढला. किल्ल्यावर पहाटे चढलो तेव्हा खाली निळी घरं होती आणि पलीकडे सपाट, पिवळं, काहीच नसलेलं. पंचशीला कठड्याला टेकून खूप वेळ उभी होती. मला म्हणाली, "बाई, नकाशात इथं मी नुसते ठिपके देते." डिसेंबर असता तर ती त्या कठड्याशी दिवसभर उभी राहिली असती. सूर्य वर आला आणि मला तिला खाली न्यावं लागलं. तिचे ते तास कोणी घेतले, हे मला माहीत होतं.

परत आल्यावर संस्थेच्या बैठकीत मला बोलावलं. आत्याबाईंनी घरी सांगितलं होतं, की पोरी उन्हानं हैराण झाल्या, एकीला चक्कर आली, माठ फुटला. छागलीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर चष्मा काढला.

"बाई, तुमी भूगोल शिकवता. आन् मे मध्ये पोरींना वाळवंटात नेता?"

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"महिना तुम्ही ठरवलात," मी म्हटलं.

"मी? मी निस्तं सुचवलं. जाणकार तुमी हाव."

टेबलाभोवतीच्या लोकांपैकी निम्म्यांना खरं माहीत होतं. कोणी पंख्याकडे बघत होतं, कोणी बिस्किटाकडे. मी सगळं सांगितलं. डिसेंबर का निवडला, मे का आला, माठ कशासाठी आणि शेवटी मुली कोणाचं पाणी प्यायल्या. आत्याबाईही, दोनदा. सेक्रेटरी म्हणाले, "विषयांतर नको," आणि ठराव झाला की हवामानाचा विचार न करता सहल नेली गेल्यामुळे यापुढे मुलींच्या लांबच्या सहली बंद. ते पदावर होते तोवर त्या बंदच राहिल्या. संस्थेच्या मुलग्यांच्या शाळेची सहल त्याच वर्षी दक्षिणेत गेली.

माझ्या नावावर 'ऋतूची चुकीची निवड' राहिली. त्याचं मला फार नाही. माझ्यानंतर वर्गात बसलेल्या मुलींचं आहे. त्यांना मी ती लहान रुळांची रेष दाखवत राहिले. त्यांनी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि लग्न होऊन गेल्या. त्यांतल्या कोणाच्या वाट्याला जोधपूर होतं, हे मला कधीच कळणार नाही. म्हाताऱ्या माणसांचा राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

पंचशीला मॅट्रिक झाली, पुढे शिकली आणि बोरीच्या शाळेत भूगोलाची बाई झाली. पहिल्याच वर्षी तिनं डिसेंबरात सहल काढली. आधी मथुराबाईला घेऊन मला भेटायला आली. मथुराबाई म्हणाली, "आता वेचणीचं तिलाच निस्तरू द्या, बाई. वेचणीला पोरी पायजेत म्हनून त्यांच्या आया तिच्या दारात येऊन बसायल्यात." ती छागल केव्हाच कुजून गेली. लहान रूळही उखडले गेले.

तेव्हा डिसेंबरची तिकिटं काढा. मी येते, रजई मी आणीन.

मथुराबाई आता नाही, पंचशीला निवृत्त झाली. बोरीच्या शाळेची सहल मात्र अजून दर डिसेंबरात निघते, आणि बसमध्ये पाण्याचं पिंप एकच असतं.